माटोळीच्या चिठ्ठ्या

माझ्या नाकावर राग असतो, हे लग्न होऊन गोव्यात हळर्णला आल्यापासून ऐकत आलेय. असू दे. नाक माझं, राग माझा, कुणाच्या बापाचं काय जातं? पण त्या डिसेंबरात शाळेच्या ऑफिसात मी जे बोलले ते रागाच्या भरात बोलले आणि पुढचे आठ महिने ते निस्तरत बसले, एवढं मात्र खरं.

झालं असं. माझा मधला मुलगा निहार. आठ वर्षांचा, तेव्हा तिसरीत. त्याला वाचता येत नाही म्हणून वर्गातल्या बाईंनी एक दिवस त्याला उचललं आणि पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं. त्या चिमुरड्यांच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. असं चार दिवस. घरी त्यानं चकार शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी सकाळी दारात पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, मी गरम पाव घेतले, चहा ओतला, आणि ह्यानं पहिला घास घेतला तो भडाभडा ओकला. मला वाटलं, पोट बिघडलं. तर गौरवी म्हणाली, "आई, तेचा पोट नाय बिघडूक. तेका पहिलीत बसवतत." गौरवी माझी थोरली, अकरा वर्षांची. त्याच शाळेत सहावीत.

मी तशीच स्कूटर काढली. केससुद्धा विंचरले नव्हते. ऑफिसात मोठ्या बाई होत्या, दोन मास्तर, शिपाई, आणि कसल्याशा दाखल्यासाठी आलेल्या गावातल्या दोघी बायका. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "माझ्या मुलाला वाचता येतं. तुम्हाला शिकवता येत नाही. आता मी घरी शिकवून दाखवते." उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या दोघी बायका अशा बघत राहिल्या की संध्याकाळपर्यंत हे पेडण्याच्या बाजारात पोचणार, हे मला तिथंच कळलं.

मी निहारचं नाव काढलं आणि गौरवीचंही काढलं. गौरवीचा काय गुन्हा, असं सगळ्यांनी विचारलं. अहो, एकट्याला घरी बसवला असता तर गाव म्हणालं असतं, पोरगा मंद आहे. दोघं घरी बसली तर म्हणेल, आई वेडी आहे. ते परवडलं. धाकटा साईश पाच वर्षांचा, बालवाडीत जायचा. दोन्ही भावंडं घरी म्हटल्यावर त्यानंही दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि मेजाखाली जाऊन बसला. तिघं घरी.

माझा नवरा कृष्णनाथ तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे. शांत माणूस. इतका शांत की कधी कधी मला त्याचाच राग येतो. संध्याकाळी त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले, आणि म्हणाला, "बरा. शिकव तू. पण गणपतीच्या चवथीपर्यंत. चवथीक दादा येतलो, सगळे येतले. सगळ्यांसमोर निहारान वाचून दाखवूक होया. नाय तर परत शाळा."

दादा म्हणजे त्याचे थोरले भाऊ, विठ्ठल भावोजी. डिचोलीच्या हायस्कुलात तीस वर्षं मास्तर. घरात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. फोनवर ते मला एवढंच म्हणाले होते, "सुविधा, शिकवणं म्हणजे भाकऱ्या थापणं नव्हे." मी म्हणाले, "भाकऱ्या तरी कुठं येतात तुम्हाला?" आणि फोन ठेवला. मग तासभर घासलेलीच भांडी परत घासली.

लग्नाआधी मी दोन वर्षं बालवाडीत शिकवलं होतं. मला वाटलं, जमेल. अगं बाई! एका मेजाभोवती तीन वयाची तीन पोरं घेऊन बसणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. गौरवीला अपूर्णांक समजावून सांगतेय तोवर साईशनं खडू खाल्लेला. साईशचं तोंड धुऊन येते तोवर निहार जनेलातून बाहेर बघत बसलेला, कुठल्या झाडावर कुठला पक्षी. तिघांकडे बघायला जावं तर चुलीवर दूध उतू. पहिल्या महिन्यात मी रोज रडले. उभी राहून रडले, कारण बसायला वेळ नव्हता.

मग मला युक्ती सुचली, आणि तिचा मला भारी अभिमान होता. धडा एकच ठेवायचा, तिघांना मिळून. आधी गौरवी मोठ्यानं वाचणार. मग तोच धडा निहार वाचणार. मग साईश त्यातली ओळखीची अक्षरं शोधणार. एका दगडात तीन पक्षी! पंधरा दिवसांत फरक दिसला. गौरवीच्या मागून निहार घडाघडा वाचायला लागला. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं बरोबर. बोट ओळीवरून चालत जायचं. मी भिंतीला पाठ लावून ऐकायची आणि मनात त्या ऑफिसातल्या सगळ्यांना रांगेत उभं करायची.

साईश तर कहरच. नुसतं ऐकून ऐकून, बघून बघून, मे महिन्यात तो वाचायलाच लागला. पाच वर्षांचं पोर! मागून आला आणि तिखट झाला. तो नेहमी निहारच्या मांडीला मांडी लावून बसायचा, आणि निहार वाचताना ह्याचे ओठ हलायचे. मी म्हणायची, बघा, भावाचं बघून शिकतोय.

अधेमधे मात्र गाडी अडायची. कधी मी गौरवीला स्वयंपाकघरात पाठवून निहारला एकट्याला नवीन पान द्यायची. मग त्याला तहान लागायची. डोळे चुरचुरायचे. पायाला मुंगी चावायची. मी फूटपट्टी मेजावर आपटायची. मारलं कधीच नाही, देवाशपथ. मेजावरच आपटायची. पण आवाज वाढायचा. "सकाळपासून एक पान! एक पान वाचून होईना तुझं? डोकं कुठं ठेवलंस?" तो मेजाची कड धरून बसायचा. पापण्या फडफडायच्या. आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तेच पान सरळ वाचून दाखवायचा, एकही चूक नाही. मग मला काय वाटणार? मला वाटलं, ह्याला रागावलं की येतं. म्हणून मी जास्त रागवायला लागले. सकाळी मेजावर, दुपारी जेवताना, संध्याकाळी दिवा लावताना सुद्धा. जेवताना पाण्याच्या बाटलीवरचं नाव वाच, बसमधून म्हापशाला जाताना दुकानांच्या पाट्या वाच. पाट्यांच्या वेळी साईश मध्ये मध्ये बोलायचा, त्याला मी गप्प करायची.

जून गेला, जुलै गेला. माझा जीव काही थाऱ्यावर राहीना. भिंतीवरच्या कॅलेंडरात चवथीच्या तारखेवर मी पेन्सिलीनं गोल केला होता, तो मला स्वयंपाकघरातूनही दिसायचा. भात परतताना वळून बघायची, कपडे वाळत घालून आले की बघायची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात शाळेच्या ऑफिसातल्या त्या दोघींतली एक भेटली. मिरच्या निवडता निवडता म्हणाली, "काय गो, शाळा कशी चलता तुझी?" तुझी शाळा! मी म्हणाले, "बरी चलता. चवथीक ये, ऐकूक." आणि घरी येईपर्यंत बसमध्ये मला दरदरून घाम. ऐकायला ये म्हणून सांगून बसले! माझी जीभ म्हणजे ना.

ऐकायला काय ठेवायचं तेही मीच ठरवलं होतं. माटोळी. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, पानं, शेंगा बांधतात. नारळांचा घड, तसंच सुपारीचं शिपटं, चिबूड, आंबाडे, फागलां, तोरिंग, लाल फुटलेली कांगलां, खुळखुळणाऱ्या शेंगांच्या घागऱ्या. गावातलं मंडळ स्पर्धा ठेवतं. परीक्षक घरोघर येतात, किती जिन्नस ते मोजतात, नावं विचारतात. बहुतेक घरी नावाची चिठ्ठी बांधतात प्रत्येक जिनसाला. मी ठरवलं, चिठ्ठ्या मी लिहीन आणि निहार एकेक वाचत जाईल. परीक्षकांसमोर, विठ्ठल भावोजींसमोर, सगळ्यांसमोर. धडा वाचला तर लोक म्हणतील पाठ केला असेल. चिठ्ठ्या कोण पाठ करणार?

बाप-लेक चवथीच्या आधीचे तीन रविवार डोंगरावर गेले. पिशव्या भरभरून आणायचे. निहारचा चेहरा तेव्हा वेगळाच असायचा. पाय चिखलानं भरलेले, हातात कसलीतरी वेल. "आई, ह्यो केवण. हेचो दोर तुटणा नाय." मी म्हणायची, "बरं बरं, पाय धू आणि वाचायला बस."

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधली. एकसष्ट जिन्नस झाले. चवथीच्या सकाळी मी चिठ्ठ्या बांधायला घेतल्या, तर घरात नुसता गोंधळ. मोदकांची उकड हाताला चिकटत होती, विठ्ठल भावोजींची गाडी दारात लागली होती, साईश नव्या कपड्यांत दूध सांडून बसला होता. गौरवीला म्हटलं, चिठ्ठ्या एकेक करून दे. तर ती म्हणाली, "आई, निहारक नको गो वाचूक लावू. मी वाचतंय." झालं! माझं डोकंच फिरलं. आठ महिने कुणासाठी राबले मी? "तुला काय त्याच्या मध्ये मध्ये करायचं असतं? हो बाजूला!" तिच्या हातातल्या चिठ्ठ्या मी ओढून घेतल्या आणि स्टुलावर उभी राहून रागारागानं फटाफट बांधून टाकल्या. गौरवी डोळे पुसत आत गेली. मला वाईट वाटलं, पण तेव्हा वाईट वाटून घ्यायला फुरसत कुठं होती?

परीक्षक दुपारी आरती आटोपल्यावर आले. एक रानावनाची माहिती असलेले म्हातारे गृहस्थ, आणि एक चष्मेवाल्या बाई, शिक्षिका असाव्यात. बाजारातली ती बयाही आली होती, दर्शनाच्या निमित्तानं. भावोजी खुर्चीवर, हाताची घडी. कृष्णनाथ दाराला टेकून. कृष्णनाथ माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. चौकट उंचावर, म्हणून जिन्नस दाखवायला मी निहारच्या हातात माझी फूटपट्टी दिली. त्याच्या शेजारी साईश उभा, शर्टाचं टोक चावत.

"वाच," मी म्हणाले. 

निहारनं सुरुवात केली. पट्टी एकेका जिनसाला लावायची आणि नाव घ्यायचं. "आंबाडे. फागलां. तोरिंग. शेरवडां." आवाज खणखणीत. दहा झाले, वीस झाले. नावाबरोबर तो माहितीही द्यायला लागला, हे कुठं सापडलं, हे कशाला औषध. म्हातारे परीक्षक माना डोलवत होते. भावोजींची हाताची घडी सुटली. मी देवाकडे बघून मनात म्हणाले, बाप्पा, एवढी एकसष्ट पार पाड, पुढच्या वर्षी एकशे एक बांधीन.

चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या जिनसाला तो म्हणाला, "कुड्याच्यो शेंगो." आणि पट्टी पुढे नेली.

"थांब बाळा," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

मी वर बघितलं. लांबलचक बारीक शेंगांची जुडी, कुड्याचीच. आणि तिच्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी, 'घागऱ्या'. पलीकडच्या घागऱ्यांच्या झुबक्यावर 'कुड्याच्या शेंगा'. सकाळच्या रागात मी अदलाबदल केली होती.

निहारची पट्टी तिथंच थांबली. एकदा त्यानं वर चिठ्ठीकडे बघितलं, मग खाली साईशकडे. साईशचे ओठ हलले, 'घागऱ्या' म्हटल्यासारखे.

म्हातारे परीक्षक टाळी वाजवून मोठ्यानं हसले. "अहो बाई, चिठ्ठीच चुकलीहा! पोरगो बरोबर सांगता! चिठ्ठी चुकली तरी पोरगो चुकूक नाय!" सगळे हसले. टाळ्या पडल्या. ती बाजारातली बयासुद्धा टाळ्या वाजवत होती. भावोजी खुर्चीवरून उठले, निहारच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मानलंय गो तुका, सुविधा." तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. कृष्णनाथचे डोळे भरून आले होते. लग्नात सुद्धा भरले नव्हते ते.

आणि टाळीसाठी उचललेले माझे हात मी खाली घेतले. कारण वाचणारं पोर तिथं अडलं असतं. म्हणालं असतं, आई, इथं चुकीचं लिहिलंय. गोंधळलं असतं, हसलं असतं, काहीतरी केलं असतं. हा अडलाच नाही. ह्यानं एकसष्टातली एकही चिठ्ठी वाचली नव्हती. तो झाडं बघून नावं घेत होता. चिठ्ठ्यांवर मी रामायण लिहिलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

परीक्षकांना पंचखाद्य देऊन सगळे बोलत बसले, तेवढ्यात मी निहारचा हात धरून त्याला मागच्या पडवीत नेलं.  किराण्याच्या यादीचा कागद पालथा करून त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'निहार, तुला मोदक हवा का?' आणि पुढे धरलं.

त्यानं कागद बघितला. खूप वेळ बघितला. मग कागद सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. हळूच म्हणाला, "घागऱ्या?"

माझा मुलगा. आठ महिने. रोज त्या मेजावर माझ्यासमोर बसलेला.

त्याच्या हातात फूटपट्टी अजून तशीच होती. ती बाजूला ठेवावी आणि त्याला जवळ घ्यावं म्हणून मी हात पुढे केला, तर तो दोन पावलं मागे सरला आणि त्याच्या पापण्या फडफडायला लागल्या. मी त्याला कधी हात लावला नव्हता. तरी तो मागे सरला. आई गं, ते माझ्या काळजाला लागलं ते अजून तसंच आहे.

मी खाली जमिनीवर बसले. म्हणाले, "निहार, मी रागवत नाही. खरं सांग. वाचता येत नाही ना?"

त्यानं मान हलवली. "अक्षरां हलतत. एका जाग्यार रवणत नाय."

"मग धडे कसे वाचायचास?"

"ताई वाचता तां ध्यानात रवता. तू एकट्याक पान दिलंस की सांजच्या ताई न्हाणीकडे वाचून दाखवता. नाय तर साईश सांगता हळू." आणि मग घाईघाईनं, "तेंका रागाव नको हां. माकाच रागाव."

म्हणजे रागावल्यामुळे काहीच येत नव्हतं. माझ्या रागाला घाबरून माझी अकरा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी न्हाणीघराकडे दुसरी शाळा भरवत होती. आणि मी कॉलर ताठ करून फिरत होते, मी शिकवलं म्हणून!

"मला का नाही सांगितलंस रे?" मी विचारलं. "शाळेतल्या बाईंसारखी मी तुला पहिलीत नेऊन बसवणार होते का?"

तो पट्टीच्या टोकानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "शाळेत बाई साडेबारापर्यंतच रागवायच्यो. मगे घंटा वाजायची, मी घराक येयचंय. हंय घंटाच वाजणा नाय."

मी किराण्याचा तो कागद घडी करून कमरेला खोचला.  स्वयंपाकघराच्या दारात गौरवी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिलाही मी हात केला. तीही लगेच आली नाही.

बाहेर हसण्याचा आवाज येत होता. कृष्णनाथ कुणाला तरी सांगत होता, "आता खंयची शाळा? घराच शिकता बरा." म्हणजे मी जिंकले होते. चार लोकांत, भावोजींच्या तोंडून, त्या बयेच्या देखत. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, गप्प बसायचं माझ्या मनात आलं. पदरानं तोंड पुसेपर्यंत, एवढाच वेळ, पण आलं.

मग मी निहारला म्हणाले, "मी आता बाहेर जाऊन खरं सांगते. माझी चूक म्हणून सांगते. तुझी नाही. चालेल?" त्यानं विचार केला आणि मान डोलवली.

परीक्षक निघतच होते. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "जरा थांबा. निहारनं एकही चिठ्ठी वाचलेली नाही. त्याला वाचता येत नाही. चिठ्ठ्या मी रागात उलट्या बांधल्या, म्हणून कळलं. आठ महिने तो माझ्या भीतीनं ऐकून ऐकून पाठ करत होता, आणि मला कळलं नाही. शाळेच्या ऑफिसात मी मोठ्या तोंडानं बोलले होते, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगते." सांगून टाकलं.

 म्हातारे परीक्षक चपला शोधण्यात गुंतले, समोरच होत्या तरी शोधत राहिले. बाजारातल्या बयेनं पहिल्यांदाच नजर खाली केली. मला वाटलं, आता भावोजी सुरू होणार, शिकवणं म्हणजे काय ते. भावोजी परत खुर्चीवर बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "अशी दोन-तीन पोरां दर वर्साक माझ्या वर्गात आसायची," ते म्हणाले. "हुशार पोरां. अक्षरां हलतत म्हणायची. मी तेंका आळशी म्हणायचंय. छडी मारायचंय." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हापशाक एक बाई आसा. असल्या पोरांक वेगळ्या तऱ्हेन शिकवता. चवथ जाली की मी घेऊन जातंय तेका."

कृष्णनाथ माझ्याकडे आला नाही. तो निहारसमोर उकिडवा बसला. मला माहीत होतं तो काय विचारणार. अट त्याचीच होती आणि मी हरले होते. पण त्यानं अट काढलीच नाही. "बाबू," तो म्हणाला, "तुका खंय शिकूक होया? घराक की शाळेत? तू सांग. रागावचा नाय कोण."

 मला वाटत होतं त्यानं घर म्हणावं. एवढं सगळं झाल्यावरही, इतकी मी लोचट, मला वाटत होतं त्यानं घर म्हणावं.

निहारनं माटोळीकडे बघितलं, मग साईशकडे, मग माझ्याकडे. फूटपट्टी त्यानं गणपतीच्या पाटाशी हळूच ठेवून दिली.

"आई," त्यानं विचारलं, "मी शाळेत गेलंय तर दुपारी घराक येतलंय तेव्हा तू आईच असतलंस ना?"